उपासना मधाळेचं कपाट

बेळगावच्या खासबागेत एका यंत्रमागाच्या कारखान्यावर माडीची एक खोली आहे. खोलीत दोन टेबलं. खिडकीकडचं माझं, दाराकडचं उपासना मधाळेचं. मी कन्नड कागदांचं मराठी करते आणि मराठीचं कन्नड. उतारे, खरेदीपत्रं, निकाल, जन्माचे दाखले, जे येईल ते. उपासना सॉफ्टवेअर करते. दोघींनाही एकटीला खोली मोठी होत होती, म्हणून आठ वर्षांपूर्वी आम्ही ती वाटून घेतली. खालचे माग सुरू असले की कपातला चहासुद्धा थरथरतो, पण आता तो आवाज आम्हाला ऐकू येत नाही. ऐकू येतो तो उपासनाचा फोन.

"हॅलो, कपाट न्हवं? बाई, तारखेचा रकाना कुठं गेला हो?"

"वरच्या पट्टीवर जा. माउसचं उजवं बटण दाबा. उजवं, साहेब. आता 'रकाने' असं दिसतंय? त्याच्यात 'तारीख' हाय बघा. तिथं खूण करा."

"आली, आली."

असे दिवसाला वीस-पंचवीस फोन. उपासना एका खांद्यावर फोन दाबून बोलायची आणि दोन्ही हातांनी काम करत राहायची. त्या खांद्याचं दुखणं कायमचं होऊन बसलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तिनं भिंतीवर चिकटवले होते. करताना मी कधी पाहिलं नाही.

'कपाट' हे तिच्या सॉफ्टवेअरचं नाव. कंप्युटरमधले कागद नीट लावून ठेवायचे, हवे तेव्हा शोधून काढायचे, एवढंच त्याचं काम. तसलं एक सॉफ्टवेअर प्रत्येक कंप्युटरबरोबर येतंच. पण आमच्या भागात एकाच माणसाचे कागद तीन भाषांत असतात. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, आज्याच्या काळातलं वाटणीपत्र मराठीत, वरच्या कोर्टाचा निकाल इंग्रजीत. नावही प्रत्येक ठिकाणी निराळं लिहिलेलं. अण्णाप्पा, आण्णाप्पा, अनप्पा. 'कपाटा'त एका लिपीत नाव टाईप केलं की तिन्ही लिप्यांतले कागद समोर यायचे. या एका गोष्टीमुळं बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्या वकिलांच्या, नोटरींच्या आणि दस्त लिहून देणाऱ्या बाँड रायटरांच्या ऑफिसांत 'कपाट' पसरलं. ते उपासनानं एकटीनं केलं होतं, आणि अकरा वर्षं एकटीच सांभाळत होती.

ती मूळची निपाणीची. आई तानीबाई तंबाखूच्या वखारीत पानं निवडायची. वडील लवकर गेले. उपासना शिकली, इंजिनियर झाली, पुण्यात एका कंपनीत पाच वर्षं राहिली. आईला दम्यानं धरलं तेव्हा परत आली आणि आईला घेऊन खासबागेत घर केलं. पुण्याबद्दल ती फार बोलत नाही. एकदाच म्हणाली होती, "तिथं गिऱ्हाईकानं काही मागितलं की उत्तर ठरलेलं असायचं. 'आपल्या विनंतीची नोंद घेतली आहे.' ते वाक्य टाईप करून करून मला वीट आला."

म्हणून असेल, 'कपाटा'च्या बाबतीत तिनं कधी कुणाला नाही म्हटलं नाही. पहिल्या आवृत्तीत नाव टाईप करायची एक चौकट होती, खाली यादी आणि तीन बटणं. मग फोन यायला लागले. चिकोडीच्या एका वकिलांना ज्या दाव्याची तारीख जवळ आली त्याचं फोल्डर लाल दिसायला हवं होतं. एका नोटरींना वारानुसार कागद लावायचे होते. बेळगावच्या एका ऑफिसाला एकाच स्क्रीनवर दोन कपाटं शेजारी शेजारी हवी होती. कुणाला अक्षर मोठं, कुणाला बारीक. कुणाला प्रत्येक कामाला कीबोर्डवरची आपल्या सोयीची की ठरवायची होती. "तेवढं एक करून द्या की मॅडम," एवढं कुणी म्हटलं की आठवड्याभरात सेटिंगच्या पानावर नवी ओळ यायची. पानाची सात पानं झाली. ओळी एकशे सेहेचाळीस.

"अगं, एवढी ऑप्शनं कुणाला लागतात?" मी एकदा विचारलं.

"सगळी कुणालाच लागत न्हाईत. पण एकेक एकेकाला लागतंय."

आणि पुन्हा फोन वाजला.

खानापूरच्या एका वकिलांच्या ऑफिसात मनुबाई नावाच्या टायपिस्ट होत्या. वय सत्तावन्न. एकोणतीस वर्षं त्या एकाच ऑफिसात, आधी टाइपरायटरवर, मग कंप्युटरवर. माझी भाषांतरं त्यांच्याकडं जायची, म्हणून मी त्यांना ओळखत होते. त्यांच्या टायपिंगात चूक सापडायची नाही. 'कपाटा'तलं मात्र नाव टाईप करणं, कागद उघडणं आणि छापणं, एवढंच त्या वापरायच्या. बाकीच्या बटणांकडं बघायच्याही नाहीत.

फेब्रुवारीतली गोष्ट. जांबोटीच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहणारे रवळू गावडे नावाचे सत्तरीचे गृहस्थ आहेत. भावकीतल्या जमिनीच्या दाव्यात त्यांची साक्ष होती. सगळा भर एका जुन्या वाटणीपत्रावर होता. मूळ कागद दुसऱ्या भावाच्या घरात, तो द्यायला तयार नाही. शिक्क्याची नक्कल पावसात भिजून गेलेली. ती भिजण्याआधी मनुबाईंनी स्कॅन करून ठेवली होती, आणि तेवढाच आधार होता. साक्षीच्या दिवशी त्याची छापील प्रत वकिलांना न्यायची होती.

सकाळी दहा वाजता मनुबाईंनी रवळूंचं नाव टाईप केलं. पासष्ट कागद यायला हवे होते. दोनच आले.

त्यांनी पुन्हा टाईप केलं. कन्नडमध्ये केलं, इंग्रजीत केलं. दोनच. दुसऱ्या पक्षकाराचं नाव घातलं, तिथंही तीनच कागद. उपासनाला फोन लावला, तर लाइन बिझी. पुन्हा लावला. सहा वेळा लावला. त्या पाऊण तासात उपासना बेळगावच्या एका ऑफिसाला यादीतल्या ओळींचा रंग कसा बदलायचा ते समजावून सांगत होती. मी तिथंच होते. मला ते संभाषण अजून आठवतं, कारण त्या माणसाला निळा हवा होता आणि कुठलाच निळा पसंत पडत नव्हता.

रवळू आप्पा पहाटे वाडीतून चालत जांबोटीला आले होते, तिथून पहिली बस धरून खानापूरला. येताना पिशवीभर रताळी आणली होती. ते बाकावर बसून होते. वकील आत-बाहेर करत होते. अकरा वाजता पुकारा झाला, कागद नव्हता. वकिलांनी पुढची तारीख मागून घेतली. दोन महिन्यांनंतरची मिळाली.

वकील ऑफिसात येऊन जे बोलायचं ते बोलले. आप्पा मात्र मनुबाईंना एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. पुढच्या तारखेला बघू." आणि रताळ्यांची पिशवी त्यांच्या टेबलाशेजारी ठेवून परतीची बस धरायला गेले.

दुपारी वकिलांचा फोन लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी उपासना खानापूरला निघाली. मला तिकडं कागद पोचवायचेच होते, म्हणून मीही गेले.

मनुबाई आपल्या खुर्चीवर बसल्या होत्या. डोळे सुजलेले. उपासनानं स्क्रीनकडं पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. खाली उजव्या कोपऱ्यात, करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'झाकणे सुरू'.

हे एक ऑप्शन होतं. पाच वर्षांहून जुने कागद यादीतून झाकून ठेवायचे. कुणा वकिलांनी मागितलेलं. चालू-बंद करायला तीन की एकदम दाबायच्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एच. आदल्या दिवशी कुठल्यातरी इंग्रजी नावातला मोठा एच टाईप करताना शिफ्टवरचं बोट खालच्या कंट्रोलवरही टेकलं असणार. आधी ही सूचना वर ठळक दिसायची. ती जागा खाते अशी एकाची तक्रार आली, म्हणून उपासनानं ती कोपऱ्यात नेऊन बारीक केली होती.

तिनं तीन की दाबल्या. दोनाचे पासष्ट झाले. वाटणीपत्र अठराव्या ओळीवर होतं.

"म्हणजे मनुबाईनं बटण दाबलं," वकील म्हणाले.

"दाबलं गेलं, साहेब. दाबलं गेल्यावर त्यांना दिसायला पाहिजे होतं. ते दाखवायचं काम माझं होतं."

"ते असू दे. त्यांचंही वय झालंय आता."

मनुबाई स्क्रीनकडं बघत होत्या. मग उपासनाकडं वळून हळू आवाजात म्हणाल्या, "म्हंजे माझ्या हातनं काय पुसलं गेलं न्हवतं?"

"न्हाय, आक्का. सगळं हितंच हुतं."

"काल रातभर मला वाटालं, माझ्या हातानं त्या म्हाताऱ्याची जमीन घालवली."

त्या उठल्या. चष्म्याचं घर, डबा आणि खुर्चीवरची स्वतः शिवलेली गादी पिशवीत भरली. वकील म्हणाले, "अहो मनुबाई, बसा, रागानं बोललो मी." त्या बसल्या नाहीत. कुणाला काही टाकूनही बोलल्या नाहीत. एकोणतीस वर्षांची खुर्ची रिकामी करून गेल्या आणि परत आल्या नाहीत.

परत येताना बसमध्ये उपासना म्हणाली, "सहा मिस कॉल हाईत माझ्या फोनवर. सगळे त्यांचे."

दुसऱ्या दिवसापासून तिनं 'कपाट' मोडायला घेतलं. तिची एक वही होती. कुणाचा फोन, कशाबद्दल, सगळं त्यात. अकरा वर्षांच्या नऊ वह्या. ती त्या काढून बसली आणि ज्या ज्या ऑप्शनपायी तक्रार आली होती त्याच्यावर काट मारत गेली. आपापल्या की ठरवायच्या ऑप्शनवर सगळ्यांत जास्त फोन होते, ते पहिलं गेलं. रंग गेले. झाकणं गेलं. दोन कपाटं शेजारी लावणं गेलं. एकशे सेहेचाळीसातून नऊ उरली. तीन महिने हे चाललं. मे महिन्यात नवी आवृत्ती सगळ्या ऑफिसांत आपोआप गेली. नाव टाईप करायची चौकट, खाली यादी, मोठी बटणं. चुकायला जागाच नाही.

दोनचार वकिलांनी पहिल्या दिवशी आरडाओरडा केला. मग फोन थांबले. दिवसाला तीन, फार तर चार. दुपारी उपासना खुर्चीतच मान टाकून झोपायला लागली. मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. घरी तानीबाईंनी तिला विचारलं म्हणे, "फोन बिघाडला काय गं?" इतक्या वर्षांची राहिलेली झोप एकदम अंगावर आल्यासारखी ती दिसायची. चेहरा मात्र हलका झाला नव्हता. मनुबाईंना तिनं दोनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही.

बारा-तेरा दिवसांनी जिन्यावर पावलं वाजली. पन्नाशीच्या आतले एक गृहस्थ, कापडी पिशवी काखेत. दारातच थांबून त्यांनी विचारलं, "कपाटाच्या मॅडम हितंच बसत्यात न्हवं?"

ते निपाणीचे रविराज. एका बाँड रायटरच्या ऑफिसात कामाला. खुर्चीवर बसल्यावर त्यांनी उजवा हात टेबलाच्या खालीच ठेवला. डाव्या हातानं पिशवीतून एक कागद काढून उपासनासमोर सरकवला. त्यावर सुंदर अक्षरात यादी होती. कुठल्या कीनं काय व्हायचं त्याची. उघडायचं, छापायचं, नाव बदलायचं, पुढच्या कागदावर जायचं. सगळ्या की कीबोर्डच्या डाव्या बाजूच्या.

"मॅडम, माझं कपाट काढून घेतलासा काय तुम्ही?"

उपासनाला आधी कळलं नाही. मग त्यांनी उजवा हात वर आणून टेबलावर ठेवला. अंगठा होता. बाकीची बोटं नव्हती. एकोणिसाव्या वर्षी गुऱ्हाळावर चरकात गेली, त्यांनी सांगितलं, हवापाण्याचं सांगावं तसं. डाव्या हातानं लिहायला शिकले, डाव्या हातानं टायपिंग शिकले. माउस डाव्या हातानं फिरवायचा तर कीबोर्डवरचा हात उचलावा लागतो, म्हणून सात वर्षांपूर्वी त्यांनी 'कपाटा'तल्या सगळ्या की आपल्या डाव्या हाताखाली लावून घेतल्या होत्या.

"दोन हातवाल्यांच्या बरोबरीनं काम हुतंय म्हणून मालक माझंच नाव घ्यायचे. आता प्रत्येक कागदाला हात उचला, माउस धरा, परत ठेवा. मालक काय बोलले न्हाईत अजून. पण घड्याळाकडं बघत्यात."

"तुम्ही फोन का केला नाही? पहिल्याच दिवशी?"

"मी कधीच केला न्हाय की. सात वर्षांत गरजच पडली न्हाय. आणि ह्ये फोनवर कसं सांगायचं?"

उपासनानं वह्या काढल्या. नऊच्या नऊ चाळल्या. रविराज हे नाव एकाही पानावर नव्हतं.

तिनं त्यांना जुनी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घालून दिली. कशी बसवायची ते समजावलं, नवी आपोआप येऊ नये याची सोय केली. चहा मागवला. ते उठले तेव्हा जिन्यापर्यंत सोडायला गेली. परत आली ती खुर्चीवर बसली नाही, टेबलाला टेकून जमिनीवरच बसली.

"माधवी, मला कंटाळा आलाय गं."

मी माझी खुर्ची तिच्याकडं वळवली.

"ज्यांचं अडतंय ते फोन करत्यात. ज्यांचं चालतंय ते कशाला करतील? मी अकरा वर्षं नुसतं अडलेल्यांचंच ऐकलं, आणि त्यांच्यावरनं बाकीच्यांचं काढून टाकलं. मनुआक्कांना सगळं कमी पाहिजे. ह्यांना सगळं पाहिजे. दोघंबी खरं. मी कुठनं आणू तसलं कपाट?"

खालचे माग त्या दिवशी वीज नसल्यामुळं बंद होते. इतक्या शांततेची आम्हाला सवय नव्हती.

"दोघांना एकत्र बसव," मी म्हणाले. ते फार विचार करून म्हटलं होतं असं नाही. तिला जमिनीवरून उठवायला काहीतरी म्हणायचं होतं.

मनुबाईंना आणायला मीच खानापूरला गेले. घरी पापड लाटत बसल्या होत्या. आधी नकोच म्हणाल्या. कंप्युटरचं नावच काढू नका म्हणाल्या. मग मी त्यांना रविराजांच्या हाताचं सांगितलं. त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं. "येते," म्हणाल्या.

रविवारी दोघं आले. सुरुवातीला फार अवघडलेलं होतं. मनुबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या, रविराज हात टेबलाखाली ठेवून. उपासनानं जुनं 'कपाट' लावलं. शेवटी मनुबाईच म्हणाल्या, "तुम्ही कसं करतायसा ते दावा बघू."

रविराजांनी कीबोर्ड जवळ ओढला. डाव्या हाताची पाच बोटं चालायला लागली आणि स्क्रीनवर कागद उघडत, मिटत, सरकत गेले. मनुबाई पुढं वाकल्या. टायपिस्ट बाई ती, हात बघून माणूस ओळखणारी.

"लई चांगला हात हाय तुमचा," त्या म्हणाल्या. मग उपासनाकडं बघून, "बाई, मला भ्या बटणाचं न्हाय. असू देत शंभर बटणं. बटण दाबलेलं कळत न्हाय, त्याचं भ्या हाय. टाइपरायटरवर चुकीची की पडली तर लगेच कागदावर उमटायची. दिसायची. हितं आपुन काय केलं त्येच दिसत न्हाय."

उपासना लिहून घेत होती.

"माझीबी एक अडचण हाय," रविराज म्हणाले. "मी सुट्टीवर गेलो की माझ्या खुर्चीवर बसंल त्याला काय कळत न्हाय. सगळ्या की माझ्या. मग मला लग्नातनंबी बोलावून घेत्यात. माझं ते माझ्यापुरतं ऱ्हावं, दुसऱ्याला साधं दिसावं, असं न्हाय काय हुणार?"

त्या दिवशी दुपारी साडेतीनपर्यंत ते तिघं बसले. मी मधूनमधून माझं भाषांतर करत होते आणि ऐकत होते. जेवणाला मनुबाईंनी आणलेल्या भाकरी होत्या.

त्यानंतर चार महिने गेले. ऑप्शनं परत आली, पण सगळी नाहीत. अडतीस आली. प्रत्येकासाठी उपासनानं दोन अटी ठरवल्या. चालू असेल तर स्क्रीनच्या वर, ठळक, पुऱ्या वाक्यात दिसलं पाहिजे. 'त्रेसष्ट कागद झाकलेले आहेत. दाखवू?' असं. आणि बाजूला कायम एक मोठं बटण, त्यावर 'साधं' लिहिलेलं. ते दाबलं की कुणाचंही कपाट चौकट, यादी आणि तीन बटणांवर येतं. पुन्हा दाबलं की ज्याचं त्याचं परत. काही मोडत नाही, काही हरवत नाही. प्रत्येक नवं पान आधी मनुबाईंसमोर ठेवलं जायचं. त्या जिथं अडखळतील तिथं उपासना काहीही समजावून सांगायची नाही. नुसती बघायची आणि दुरुस्त करायची. मग पान निपाणीला रविराजांकडं जायचं.

हे सगळ्यांना आवडलं असं नाही. निळ्या रंगाचं ऑफिस सोडून गेलं. आणखी पाच-सहा गेली. मी पहिल्यांदा उपासनाला फोनवर "न्हाय जमणार, साहेब" म्हणताना ऐकलं. खोटं बोलून आल्यासारखं तिचं तोंड झालं होतं. दुसऱ्यांदा म्हणताना तितकं झालं नाही.

रविराजांचं बरं चाललंय. मालकांनी घड्याळाकडं बघणं सोडलं, असं त्यांनी कळवलं. रवळू आप्पांचं वाटणीपत्र एप्रिलच्या तारखेलाच दाखल झालं, त्यांची साक्षही झाली. निकाल अजून लागायचा आहे. मनुबाईंना त्यांच्या वकिलांनी परत बोलावलं, घरी येऊन बोलावलं. त्या गेल्या नाहीत. "तिथं त्या खुर्चीवर बसलं की मला त्यो दिवस दिसतोय," म्हणाल्या. आता आठवड्यातले तीन दिवस त्या आमच्याकडं येतात, माझी भाषांतरं टाईप करतात. खोलीत तिसरं टेबल आलं आहे आणि चालायला जागा उरलेली नाही.

उपासना मात्र दमलेलीच दिसते. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर ती जरा मोकळी होईल. फोन दिवसाला सात-आठवर आलेत. पण फोन कमी आले की आता तिला धास्ती वाटते. म्हणून मंगळवारी सकाळी ती दहावी वही उघडते आणि ज्यांनी आजवर कधीच फोन केला नाही अशांना स्वतः फोन लावते. पाच जणांना, दर मंगळवारी. बहुतेक जण घाबरतात. आपलं काही चुकलं काय, असं विचारतात.

परवाच्या मंगळवारी तिनं चिकोडीच्या एका ऑफिसात लावला. आदर्श नावाचे कारकून होते. फोन तिनं टेबलावर ठेवून स्पीकरवर घेतला होता, खांद्यासाठी.

"कपाट कसं चाललंय, साहेब?"

"लई छान चाललंय, मॅडम. कायबी अडचण न्हाय."

"रोज वापरता न्हवं?"

"व्हय, व्हय. एकदम छान हाय."

"म्हंजे कसं वापरता? सकाळी आलं की आधी काय करता, ते सांगा बघू मला."

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मॅडम, खरं सांगू काय? राग मानू नका. आम्ही ते उघडतच न्हाय. सगळे कागद स्क्रीनवर समोरच टाकतोय. दिसत्यात तरी."

मनुबाईंनी टायपिंग थांबवलं. उपासनानं डोळे मिटून घेतले, कपाळ चोळलं.

"किती झालेत समोर?"

"आठशेवर असतील."

"मग एखादा शोधता कसा?"

"आठवतंय की, मॅडम. कुठला कुठं टाकला ते. फकस्त मी रजेवर असलो की पंचाईत हुती."

उपासनानं पेन उचललं. वहीत त्यांचं नाव लिहिलं, पुढं आठशे लिहिलं. "गुरुवारी तुम्ही ऑफिसात हाईसा काय?" तिनं विचारलं. "मी येते. काय बदलायला न्हाय. तुमच्या शेजारी बसून नुसतं बघते." मग फोन ठेवून ती मला म्हणाली, "चिकोडीची सकाळची बस कितीला असते गं?"